वार्षिक अहवाल, पान चार

दऱ्या सहा. एक उंदरांनी कुरतडलेली.
घंटेचा दोर नवा, धुळ्याहून आणला, एकशे ऐंशी रुपये.
नाताळला भरीत-भाकरीची साडेतीनशे पानं उठली,
वांगी साक्रीच्या बाजारातली, निम्मी फुकट मिळाली.
इथवर पेन नीट चालतं.

पुढचा रकाना : सेवाकार्य.
तिथं पाळकसाहेबांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय –
कै. रिबकाबाई बैसाणे. दोन ओळी.

बाई गाण्यात कायम अर्धी मात्रा मागे.
पेटीवर बसलेला दावीद मान हलवायचा,
तिला वाटायचं, दाद देतोय.
प्रार्थनेला उभी राहिली की एवढंच :
"देवा, तुले ठाऊक शे."
आणि खाली बसायची, गुडघ्यावर हात टेकून.

शनिवारी दिवेलागणीला देवळामागच्या हापशावर
प्रभुभोजनाचे चौसष्ट पेले,
अंगठ्याएवढे, काचेचे.
राख नाही, राखेनं काच धुरकटते.
लिंबाची साल, मग साधं पाणी,
मग जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा.
हे सगळं दोन ओळींत बसलं असतं.

पण तारखा हव्या होत्या म्हणून
जुनं इतिवृत्त उघडलं.
बाबांचं अक्षर. शाळामास्तराचं, रेघेवर ताठ उभं.
"ठराव सात. रिबका लाजरस बैसाणे,
नवऱ्याने मोहाची दारू गाळल्याकारणाने,
हिने सहा महिने प्रभुभोजनास बसू नये.
सूचक : शांतवन अहिरे."
अनुमोदकाची सही पुसट झालीय.
बाबांची नाही.

दारू नवऱ्यानं गाळली.
हे मी दोनदा वाचलं.

म्हाताऱ्या सिमोनला विचारलं,
त्या सहा महिन्यांत पेले कोण धुवायचं?
तो माझ्याकडे बघतच राहिला.
"तीच. दुसरं कोन?"
कुणी तिला टोकलं होतं म्हणे हापशावर,
तर हात न थांबवता म्हणाली,
"पेवानी बंदी शे ना, धुवानी थोडीच शे?"

मी सुरतेला होतो, डाइंगच्या खात्यात,
नखांत निळा रंग घेऊन,
त्या वर्षी बाबांचं डावं अंग गेलं.
पंधरवड्याला पैसे धाडायचो,
फोनवर विचारायचो, जेवले का.
आईनं सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं :
रिबकाबाई येते, कूस बदलायला.
दर दोन तासांनी. रात्री कंदील घेऊन.
चौदा महिने.
शेवटची आंघोळ घातली तेव्हा
बाबांच्या पाठीवर एकसुद्धा जखम नव्हती.

त्यांना ठराव सात आठवत होता का?
जीभ जड झालेली, शब्द फुटत नसत.
आई सांगते, ती नखं कापायला बसली
की उजवा हात आपणहून पुढं यायचा,
आणि कापून झाल्यावरही
तिच्या ओंजळीतून ते तो काढून घेत नसत.
याचा अर्थ मी लावणार नाही.
मी चिटणीस आहे.

लिहिलं : "त्यांनी मंडळीची निष्ठेने सेवा केली."
खोडलं.
लिहिलं : "पेले धुतले."
तेही खोडलं, आता रकान्यात डागच आहे.

उद्या प्रभुभोजन.
हापशावर आलोय, पौषाचा वारा पांझरेवरून येतोय,
पाणी बोटांना चावतंय.
पेले मोजले, एकसष्ट भरले.
तीन कधी फुटले त्याची नोंद नाही.
माझी बोटं जाड, आत जात नाहीत,
करंगळीला कापड गुंडाळून फिरवतोय.
तळाशी द्राक्षरसाचा एक ठिपका
मागच्या महिन्यापासून बसलेला,
लवकर सुटत नाही.

एका हातानं दांडा मारला की पाणी येतं,
पेल्याखाली हात नेईपर्यंत ते थांबतं.
इथं दोन माणसं लागतात.
ती एकटी कशी करायची?